गोळ्या खाऊनही हिमोग्लोबिन भरत नाही, एमसीव्ही कायम कमी: लोहाची पुढची बाटली आणण्याआधी काय तपासायचं

आधी तक्रार ओळखा

सीबीसीच्या, म्हणजे रक्तपेशींच्या पूर्ण मोजणीच्या, कागदावर चित्र असं दिसतं. हिमोग्लोबिन ८ ते ११ च्या मधे कुठेतरी. एमसीव्ही, म्हणजे तांबड्या पेशीचं सरासरी आकारमान, ८० फेम्टोलिटरच्या खाली आणि बरेचदा साठ-पासष्टच्या आसपास. एमसीएच, म्हणजे एका पेशीत सरासरी किती हिमोग्लोबिन आहे ते, २७ पिकोग्रॅमच्या खाली. खाली शेरा: मायक्रोसायटिक हायपोक्रोमिक ॲनिमिया. पेशी लहान आणि फिकट, एवढाच त्याचा अर्थ. कारण त्यात कुठेही लिहिलेलं नसतं.

माणसात दिसणाऱ्या खुणा: जिना चढताना धाप, दुपारनंतर गळून जाणं, केस गळणं, तोंडाचे कोपरे चिरणं, नखं सपाट किंवा चमच्यासारखी खोलगट होणं, रात्री पाय स्वस्थ न बसणं. काही बायका-मुली पाटीवरची पेन्सिल, भाजकी माती, कच्चे तांदूळ किंवा बर्फ खातात. हे आपणहून कोणी सांगत नाही. विचारावं लागतं, आणि तेही सोबत आलेली माणसं बाहेर बसवून.

उलट काहींना काहीच होत नसतं. रक्तदान शिबिरात हिमोग्लोबिन कमी म्हणून परत पाठवलं किंवा ऑपरेशनआधी रक्त तपासलं, तेव्हा कळतं. हिमोग्लोबिन १० आहे, एमसीव्ही ६२ आहे आणि माणूस रोज शेतात दिवसभर काम करतो. हा मुद्दा पुढे उपयोगी पडणार आहे.

तिसरी खूण म्हणजे हे पुन्हा पुन्हा होणं. लोहाच्या गोळ्या, मग सिरप, मग ब्रँड बदलून गोळ्या, मग सलाइनमधून लोह. दोन वर्षांनी हिमोग्लोबिन तिथेच.

मी पॅथॉलॉजिस्ट आहे, तालुक्याच्या गावात लॅब चालवते, आणि या तक्रारीचा माग मी शेकडो वेळा काढला आहे. कारणं मोजकीच आहेत. सर्वात जास्त सापडते ती लोहाची कमतरता. त्यानंतर बीटा थॅलेसेमिया मायनर, म्हणजे थॅलेसेमिया या आनुवंशिक रक्तविकाराचं वाहक असणं. मग क्षय किंवा संधिवातासारखे लांबलेले आजार. आणि क्वचित शिशाची बाधा किंवा सिडेरोब्लास्टिक ॲनिमिया, ज्यात लोह असूनही ते हिमोग्लोबिन बनवायला वापरलं जात नाही. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या ५४ टक्के स्त्रियांना रक्तक्षय आढळला. त्यामुळे "लोह कमी असेल" हा अंदाज बहुतेकदा खरा ठरतो, आणि म्हणूनच ज्यांच्या बाबतीत तो खोटा असतो त्यांच्याकडे वर्षानुवर्षं कोणी नीट बघत नाही.

खालच्या पायऱ्या स्वस्तापासून महागापर्यंत लावल्या आहेत. पहिल्या सहांना एक रुपयाही लागत नाही.

१. कागदावरचे आकडे खरे आहेत का

मशीन जे सॅम्पल मिळेल तेच मोजतं. जांभळ्या झाकणाची ट्यूब नीट हलवली नसेल तर बारीक गुठळी होते आणि पेशींचे आकडे खोटे खाली येतात. सॅम्पल दूरच्या गावाहून उन्हात फिरत दुसऱ्या दिवशी पोचलं असेल तर पेशी फुगतात, एमसीव्ही खोटा वाढतो आणि ७७ चा ८२ होऊन नजरेतून सुटतो. एमसीएच मात्र फारसा हलत नाही, म्हणून शंका आली की मी आधी एमसीएच बघते. एमसीएचसी, म्हणजे पेशीतल्या हिमोग्लोबिनची घनता, ३६ च्या वर आला असेल तर रिपोर्टवर सही करण्याआधी सॅम्पल पुन्हा लावायला हवं. लहान, फिकट पेशींच्या रक्तक्षयात तो एवढा वर जायचं कारण नाही.

आणखी एक. पेशी फारच बारीक असतील तर काही मशिनं त्यांना प्लेटलेटमध्ये मोजतात. प्लेटलेट सहा लाख दिसल्या म्हणून घाबरण्याआधी रक्त काचेवर पसरून सूक्ष्मदर्शकाखाली बघून घ्या.

बोटाला टोचून काढलेल्या हिमोग्लोबिनवर हा माग काढता येत नाही. शिरेतून घेतलेल्या रक्ताचा पूर्ण सीबीसी लागतो.

२. जुने रिपोर्ट शोधा

फाइल, पिशवी, कपाट, मोबाइलमधले फोटो. बाळंतपणाची फाइल सहसा सापडते. फक्त एमसीव्हीचा आकडा बघा आणि तारखेनुसार लिहून काढा.

आठ वर्षांपूर्वी एमसीव्ही ८७ होता आणि आज ६८ असेल, तर मधल्या काळात काहीतरी घडलं आहे. थॅलेसेमिया मायनर जन्मापासून असतो, तो पस्तिसाव्या वर्षी उगवत नाही. उलट शाळेत असतानाही ६३, पहिल्या बाळंतपणात ६१, आज ६२, आणि मधे तीनदा लोहाचा कोर्स होऊनही आकडा जागचा हललेला नाही, तर लोहाचा संशय मागे घ्या. मला कोणी एकच माहिती निवडायला सांगितली तर मी कुठल्याही सूत्राआधी हा जुना एमसीव्ही मागेन.

३. आरबीसी काउंट: ज्या ओळीकडे कोणी बघत नाही

घरचे लोक हिमोग्लोबिन बघतात, डॉक्टर हिमोग्लोबिन आणि प्लेटलेट बघतात. त्या दोघांच्या मधे आरबीसी काउंट नावाची एक ओळ असते. या तक्रारीत सर्वात जास्त बोलणारी ओळ तीच.

दोन कागद शेजारी ठेवते.

पहिला, २७ वर्षांची मुलगी, लग्न ठरलेलं. हिमोग्लोबिन १०.४, आरबीसी ५.६२ मिलियन, एमसीव्ही ६१, एमसीएच १८.५, आरडीडब्ल्यू (पेशींच्या आकारातली तफावत) १५.१.

दुसरा, ३८ वर्षांची अंगणवाडी मदतनीस. हिमोग्लोबिन ८.२, आरबीसी ३.९४ मिलियन, एमसीव्ही ६८, एमसीएच २०.८, आरडीडब्ल्यू १९.४, प्लेटलेट ४ लाख ८० हजार.

दोन्ही कागदांवर शेरा एकच होता, मायक्रोसायटिक हायपोक्रोमिक. दोघींनाही एकच गोळी लिहून दिलेली होती.

आता आरबीसी बघा. मुलीच्या पेशी जास्त लहान आहेत, पण संख्येने भरपूर, बाईच्या नेहमीच्या मर्यादेपेक्षाही वर. मदतनीसबाईंच्या पेशी लहानही आहेत आणि कमीही.

का? हिमोग्लोबिन बनायला लोह लागतं आणि ग्लोबिन नावाच्या प्रथिनाच्या साखळ्या लागतात. लोहच नसेल तर घरात पीठच नाही म्हणायचं. भाकऱ्या लहान होतात आणि मोजक्याच होतात. थॅलेसेमिया मायनरमध्ये पीठ पुरेसं असतं. बीटा ग्लोबिनच्या दोन जनुकांपैकी एक बिघडलेलं असतं, त्यामुळे प्रत्येक पेशीत हिमोग्लोबिन कमी भरतं. अस्थिमज्जा ती तूट भरून काढायला पेशींची संख्या वाढवते. भाकरी लहान, पण चवड उंच.

म्हणून हिमोग्लोबिन कमी असताना आरबीसी काउंट ५ मिलियनच्या वर दिसला की माझा हात सहीवरून मागे येतो. रक्त कमी आहे आणि पेशी मात्र जास्त आहेत, याचं उत्तर लोहाच्या बाटलीत सहसा नसतं.

४. मेंट्झर इंडेक्स आणि त्याची भावंडं

वरचीच गोष्ट एका भागाकारात बसवली ती १९७३ साली विल्यम मेंट्झर यांनी. एमसीव्हीला आरबीसी काउंटने भागायचं. उत्तर १३ च्या खाली आलं तर थॅलेसेमिया मायनरकडे कल, १३ च्या वर आलं तर लोहाच्या कमतरतेकडे.

मुलीचं: ६१ भागिले ५.६२, म्हणजे १०.९. मदतनीसबाईंचं: ६८ भागिले ३.९४, म्हणजे १७.३.

आरडीडब्ल्यू हिशोबात धरणारी सूत्रंही आहेत. एमसीव्ही गुणिले आरडीडब्ल्यू भागिले आरबीसी, याला आरडीडब्ल्यू इंडेक्स म्हणतात आणि त्याची सीमा २२० ची. मुलीचा येतो १६४, बाईंचा ३३५. ग्रीन-किंग सूत्रात एमसीव्हीचा वर्ग गुणिले आरडीडब्ल्यू, भागिले हिमोग्लोबिनची शंभरपट, सीमा ६५. मुलीचा ५४, बाईंचा १०९. तिन्ही सूत्रं एकाच बाजूला बोट दाखवतात तेव्हा मी निश्चिंतपणे पुढची पायरी ठरवते. ती आपसांत भांडायला लागली तर सूत्रं बाजूला ठेवते आणि सरळ फेरिटिन, म्हणजे लोहाच्या साठ्याची तपासणी, मागते.

ही सूत्रं कल सांगतात, निदान करत नाहीत. ती फसतात त्या जागा पाठ करून ठेवा:

- लोहाचा कोर्स सुरू असताना. आरबीसी आधी वाढतो, एमसीव्ही मागून येतो, आणि मधल्या आठवड्यांत लोहाची साधी कमतरताही १३ च्या खाली उतरते.
- गेल्या तीन-चार महिन्यांत रक्त चढवलं असेल तर. अर्ध्या पेशी दुसऱ्याच्या असतात.
- गरोदरपणात आणि लहान मुलांत. त्यांचे नेहमीचे आकडेच वेगळे असतात.
- लोहाची कमतरता आणि थॅलेसेमिया मायनर दोन्ही एकत्र असताना. आपल्याकडे हे दुर्मिळ नाही, आणि सर्वात जास्त चुका इथेच होतात.

उत्तर ११ ते १५ च्या मधे आलं तर "निश्चित नाही" असंच वाचा. १२.९ आणि १३.१ मध्ये काहीही फरक नाही.

५. आरडीडब्ल्यू

पेशी आकाराने एकसारख्या आहेत की लहान-मोठ्या मिसळलेल्या, हे हा आकडा सांगतो. साधारण ११.५ ते १४.५ नॉर्मल धरतात. लोह हळूहळू आटत जातं, तसतशी रोज निघणारी नवी पेशी कालच्यापेक्षा लहान. जुनी पेशी मात्र १२० दिवस रक्तात फिरत असते, म्हणून सरमिसळ होते आणि आकडा १७, १९, २१ असा चढतो. मायनरमध्ये सगळ्याच पेशी पहिल्यापासून लहान असल्याने तो नॉर्मल किंवा किंचित वर राहतो.

किंचित वर, हे शब्द महत्त्वाचे. मायनरच्या अनेकांत तो १५-१६ असतो, म्हणून निव्वळ आरडीडब्ल्यूवर कुणाला लोहाच्या रांगेत उभं करू नका.

आपल्याकडची एक खास अडचण इथेच सांगते. शाकाहारी घरांत बी-१२ ची कमतरता सर्रास असते. बी-१२ कमी झालं की पेशी मोठ्या होतात, लोह कमी झालं की लहान होतात. दोन्ही एकदम कमी असेल तर सरासरी येते ८४, एमसीव्ही नॉर्मल, आणि सगळे निर्धास्त. पण आरडीडब्ल्यू २२ असतो. नॉर्मल एमसीव्हीशेजारी एवढा चढलेला आरडीडब्ल्यू दिसला की बी-१२ आणि फेरिटिन दोन्ही बघायला हवेत.

६. विचारपूस

आता आकड्यांतून मान वर काढून माणसाला विचारायचं. लोह कमी असेल तर ते कुठे जातंय?

पाळीत किती दिवस जातं, गाठी पडतात का, रात्री उठून पॅड बदलावं लागतं का. "नॉर्मल आहे" हे उत्तर पुरत नाही, कारण जिला पंधरा वर्षं असंच अंगावरून जातंय तिला तेच नॉर्मल वाटतं. मदतनीसबाईंनी मला सांगितलं होतं, "जास्त नाही, फक्त आठ दिवस."

मूळव्याध आहे का. शौचाला डांबरासारखं काळं होतं का. लोहाच्या गोळ्यांनीही काळं होतं, म्हणून गोळ्या सुरू होण्याआधीचं विचारा. गुडघेदुखीसाठी वेदनाशामक गोळ्या किती महिने चालल्या आहेत. पित्ताच्या गोळ्या रोज सकाळी किती वर्षं. पोटातलं आम्ल कमी झालं की लोह नीट शोषलं जात नाही. शेतात अनवाणी काम आहे का, कारण अंकुशकृमी पायाच्या कातडीतून शिरतात आणि आतड्याला चिकटून रक्त पितात. गोळी कशाबरोबर घेतली? चहाबरोबर घेतलेली लोहाची गोळी बरीचशी वाया जाते. दुधाचं आणि कॅल्शियमच्या गोळीचंही तसंच. एक मुलगी इमानदारीने सहा महिने रोज गोळी खात होती, सकाळच्या चहाच्या पहिल्या घोटाबरोबर. तिच्या आजाराचं दुसरं कारण शोधायची गरजच पडली नाही.

कामाचंही विचारा. बॅटरी दुरुस्ती, जुना रंग खरवडणं, किंवा घरात कुठली भस्मं सुरू आहेत का. नागभस्म हे शिशाचंच असतं.

आणि घरच्यांचं. आईला, मावशीला, भावाला "रक्त कमी" सांगितलंय का? घरात कुणा मुलाला वारंवार रक्त चढवावं लागत होतं का? सिंधी, लोहाणा, कच्छी, पंजाबी घरांत थॅलेसेमियाचं प्रमाण जास्त आहे हे खरं, पण "आमच्यात हे नसतं" असं सांगणाऱ्या मराठी घरांतले वाहक मी अनेकदा पाहिले आहेत. आडनाव बघून तपासणी वगळू नका.

७. रक्ताची काच

सीबीसीबरोबर स्मिअर बघून घ्या असं सांगितलं तर फारसा खर्च येत नाही. लोहाच्या कमतरतेत पेशींच्या मधला फिकट भाग पसरून कडेला नुसती रिंग उरते, आणि पेन्सिलीसारख्या लांबट पेशी दिसतात. मायनरमध्ये टार्गेट पेशी, मधे ठिपका असलेल्या, आणि काहींत बारीक निळे दाणे. हे निळे दाणे शिशाच्या बाधेतही ठळक असतात. दोन प्रकारच्या पेशी स्पष्ट वेगळ्या दिसल्या तर मिश्र कमतरता, नुकतंच चढवलेलं रक्त किंवा सिडेरोब्लास्टिक प्रकार. क्षयाच्या उपचारातल्या आयसोनियाझिडमुळेही तो होऊ शकतो, म्हणून औषधांची यादी जवळ ठेवा.

८. फेरिटिन, आणि त्याच्याबरोबर सीआरपी

इथून खर्च सुरू होतो. फेरिटिन म्हणजे शरीरातल्या लोहाच्या साठ्याचा अंदाज. निरोगी प्रौढात १५ च्या खाली गेलं तर साठा संपला, यात वाद नाही. ३० च्या खाली असेल तरी बहुतेक डॉक्टर लोह कमी धरून उपचार करतात. मदतनीसबाईंचं आलं ५.

पण ताप, जंतुसंसर्ग, संधिवात, यकृताचा आजार यांत फेरिटिन खोटं वाढतं. म्हणून सीआरपी, म्हणजे शरीरातला दाह दाखवणारी तपासणी, सोबत करा. सीआरपी वाढलेला असताना फेरिटिन ५० आलं तर "नॉर्मल" म्हणून फाइल बंद करू नका. शरीरात दाह असेल तेव्हा जागतिक आरोग्य संघटना प्रौढांसाठी ७० ची मर्यादा धरते.

नुसतं सीरम आयर्न करून येतात बरेच जण. तो आकडा एकाच दिवसात वर-खाली होतो, सकाळी गोळी घेतली असेल तर फुगतो. त्या पैशात फेरिटिन करा. आणि शक्यतो लोह सुरू करण्याआधी करा, नंतर त्याचा अर्थ लावणं अवघड जातं.

९. लोह नीट देऊन महिन्याने पुन्हा सीबीसी

फेरिटिन कमी असेल तर डॉक्टरांनी दिलेली लोहाची गोळी रिकाम्या पोटी, लिंबूपाण्याबरोबर, चहा-दूध-कॅल्शियमपासून दोन तास दूर. पोटाला फारच त्रास झाला तर जेवणानंतर, पण सोडू नका. महिन्याभरात हिमोग्लोबिन किमान १ ग्रॅमने वर यायला हवं. ते आलं तर निदान पक्कं, आणि हिमोग्लोबिन नॉर्मल झाल्यावरही साठा भरायला आणखी तीन महिने.

आलं नाही, तर डोस वाढवण्याआधी विचारा: गोळी खरंच घेतली का, रक्त अजून जातंय का, शोषलं जातंय का. जुलाब आणि वजन घटणं असेल तर गव्हाच्या ग्लुटेनचा सिलिॲक आजार आणि जठरातला एच. पायलोरी जंतू या दोन गोष्टी डॉक्टरांसमोर काढा.

फेरिटिन भरपूर असताना मात्र लोह चालू ठेवू नका. जादाचं लोह शरीर बाहेर टाकू शकत नाही, ते यकृतात साठत जातं. गरोदर बाईने सरकारी लाल गोळी स्वतःच्या मनाने बंद करायची नाही, डॉक्टरांना फेरिटिन दाखवून ठरवायचं. थॅलेसेमिया मायनर असलेल्या बाईलाही लोहाची कमतरता होऊ शकते, आणि तेव्हा तिलाही लोह लागतंच.

१०. एचपीएलसी

हिमोग्लोबिनचे प्रकार वेगळे करून मोजणारी ही तपासणी. हिमोग्लोबिन ए-२ साडेतीन टक्क्यांच्या वर स्पष्टपणे गेलं की बीटा थॅलेसेमिया मायनर. त्या २७ वर्षांच्या मुलीचं आलं ५.४. प्रश्न मिटला, आयुष्यभराचा. लोहाची गरज नाही, आजारी नाही, फक्त वाहक. पण तिच्या होणाऱ्या नवऱ्याची तपासणी व्हायलाच हवी. दोघंही वाहक असतील तर प्रत्येक गरोदरपणात बाळाला थॅलेसेमिया मेजर होण्याची शक्यता चारात एक असते, आणि मेजर म्हणजे दर दोन-चार आठवड्यांनी रक्त चढवणं.

आता ती चुकांची जागा. एका बाईचे आकडे असे होते: हिमोग्लोबिन ८.६, आरबीसी ४.९, एमसीव्ही ६०. मेंट्झर १२.२. फेरिटिन ६. घाईने एचपीएलसी झाली, ए-२ आलं ३.४. रिपोर्ट "नॉर्मल" म्हणून हातात पडला. पण लोह फार कमी असताना ए-२ दबतं. तिला तीन महिने लोह दिलं, फेरिटिन भरलं, हिमोग्लोबिन १०.८ वर येऊन थांबलं, एमसीव्ही ६४ च्या पुढे जाईना. पुन्हा एचपीएलसी केली तेव्हा ए-२ ४.६. दोन्ही आजार होते आणि पहिल्याने दुसऱ्याला झाकलं होतं. म्हणून ए-२ सव्वातीन ते चारच्या मधे आलं आणि फेरिटिन कमी असेल, तर लोह भरून तपासणी परत करायची. गरोदरपणात एवढं थांबायला वेळ नसतो. तिथे त्याच आठवड्यात नवऱ्याची तपासणी करायची.

विदर्भ, नंदुरबार, गडचिरोलीकडे आणखी एक गोष्ट. सिकलसेलची साधी सोल्युबिलिटी टेस्ट थॅलेसेमिया दाखवत नाही. नुसत्या सिकल वाहकाचा एमसीव्ही सहसा कमी नसतो. तो कमी दिसला तर सोबत लोहाची कमतरता किंवा अल्फा थॅलेसेमिया, म्हणजे अल्फा ग्लोबिनच्या जनुकांतला बिघाड, असू शकतो. आणि टेस्ट पॉझिटिव्ह असून माणूस सतत आजारी असेल, तर सिकल आणि बीटा थॅलेसेमिया एकत्र असल्याची शंका घ्या. त्या भागात नुसत्या पॉझिटिव्ह-निगेटिव्हवर न थांबता एचपीएलसी करून घ्या.

फेरिटिन नॉर्मल, सीआरपी नॉर्मल, ए-२ नॉर्मल आणि तरीही एमसीव्ही ७० असेल तर अल्फा थॅलेसेमियाचा विचार करावा लागतो. प्रौढात तो एचपीएलसीवर दिसत नाही, डीएनए तपासणी लागते. ते काम मोठ्या केंद्राचं. मुंबईत परळला केईएम रुग्णालयाच्या आवारात आयसीएमआरची रक्तविकारांवर काम करणारी राष्ट्रीय संस्था आहे, असली गुंतागुंतीची निदानं तिथे होतात.

इथे स्वतः शोध थांबवा आणि डॉक्टर गाठा

हिमोग्लोबिन ७ च्या खाली असेल, किंवा बसल्या जागी धाप, छातीत दुखणं, चक्कर येऊन पडणं होत असेल, तर सूत्रं मांडत बसू नका. त्याच दिवशी रुग्णालय.

पांढऱ्या पेशी किंवा प्लेटलेटही कमी असतील, स्मिअरमध्ये अपरिपक्व पेशींचा उल्लेख असेल, प्लीहा वाढलेली असेल, तर रक्तविकारतज्ज्ञ.

दोन वर्षांच्या आतलं मूल पांढरंफटक आहे, वजन वाढत नाही, पोट पुढे आलंय, तर लोहाच्या थेंबांवर महिने घालवू नका. रक्त चढवण्याआधी एचपीएलसीचं सॅम्पल काढून ठेवायला सांगा. नंतर दात्याच्या रक्ताने उत्तर बिघडतं.

गरोदर बाई आणि तिचा नवरा दोघांचा एमसीव्ही कमी आहे, तर त्याच आठवड्यात जनुकीय सल्ला देणारं केंद्र. गर्भाची तपासणी साधारण दहाव्या-बाराव्या आठवड्यापासून करता येते, आणि निर्णयाला वेळ लागतो.

आणि एक अट मी प्रत्येक रिपोर्टखाली हाताने लिहिते. पन्नाशी ओलांडलेला पुरुष किंवा पाळी गेलेली बाई, आणि लोहाची कमतरता सिद्ध झाली, तर पोटाची दुर्बीण तपासणी होईपर्यंत निदान अपुरं आहे. ६२ वर्षांचे एक शेतकरी काका वर्षभर टॉनिक घेत होते. हिमोग्लोबिन ८.८, एमसीव्ही ७१, फेरिटिन ८. टॉनिकने ते १० वर यायचं, बंद केलं की पुन्हा उतरायचं. वयाच्या मानाने थकवा, असं घरी सगळ्यांनी धरलं होतं. मोठ्या आतड्याच्या उजव्या बाजूला गाठ निघाली. या वयात लोह स्वतःहून संपत नाही, रक्त कुठून तरी जात असतं, आणि गोळी देऊन हिमोग्लोबिन वर आणलं की ते जाणं दिसेनासं होतं.

डॉक्टरांकडे जाताना बरोबर न्या: जितके मिळतील तितके जुने सीबीसी तारखेनुसार लावून, लोहाच्या गोळ्यांच्या रिकाम्या पट्ट्या आणि त्या कधी सुरू-बंद केल्या ते, चालू असलेल्या बाकी सगळ्या औषधांची यादी भस्मं-काढ्यांसकट, गेल्या तीन पाळ्यांच्या तारखा आणि दिवस, आणि मूल हवं असेल तर नवऱ्याचाही एक सीबीसी.